अभ्यास करणाऱ्याची सुखसाता



घरात कोणी अठ्ठाई केली की त्या घराचा दिनक्रम आपोआप बदलतो. उकाळलेले पाणी वेळेवर गाळून थंड केलेले असते. तपस्विनीच्या वाट्याचे काम जाऊबाई न सांगता उचलतात. मुलांना दटावून खाली खेळावयास पाठविले जाते. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक जण दाराशी थांबून विचारतो, ‘साता आहे ना?’ नवव्या दिवशी पारण्याला सुरत-पुण्याहून नातलग येतात आणि ज्यांनी आठ दिवस घर सांभाळले त्यांनाही अनुमोदनेचे पुण्य लाभले, असे आपण मानतो. ही आपल्या समाजाची फार सुंदर रीत आहे.

त्याच घरात ४५ वर्षांचा कर्ता पुरुष किंवा चाळिशीतील गृहिणी पदवीच्या परीक्षेचे पुस्तक उघडून बसली, तर काय होते? टीव्हीचा आवाज कमी होत नाही. चहा कोणी आणून देत नाही. उलट, ‘बसलाच आहात तर एवढी बिले पाहून द्या’ असे सांगितले जाते. साता विचारणे दूरच राहिले. विचारले जाते ते एवढेच, ‘आता या वयात पदवी काय करायची आहे?’

हा प्रश्न मी स्वतः विचारलेला आहे. म्हणून या महिन्यात त्याविषयीच लिहितो.

आमचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळेच ‘दादा’ म्हणतात, १९९२ साली वसईच्या वर्तक महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या पहिल्या वर्षाला होते. त्याच वर्षी वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. विरारच्या बाजारात कापडाचे दुकान, मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटातील व्यापाऱ्यांचे देणे, लग्नाच्या दोन बहिणी आणि शाळेत जाणारा मी. दादा गादीवर बसले. परीक्षेचे प्रवेशपत्र तोवर आले होते; ते त्यांनी एका जुन्या रोजमेळाच्या वहीत घालून ठेवले. त्यांना ‘कॉलेज सोड’ असे कोणीही म्हणाले नाही. आपल्या घरांत तसे म्हणावे लागतच नाही.

मी मात्र शिकलो. बी.कॉम. झालो, कर सल्लागाराचे काम करू लागलो. माझ्या प्रत्येक वर्षाची फी दादांच्या गल्ल्यातून गेली. बहिणींची लग्ने झाली, वडील गेले, चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावे मिळून २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. जिथे भातखाचरे आणि मिठागरे होती तिथे इमारती उभ्या राहिल्या. मुंबईत घर घेणे न परवडणारी आपली कितीतरी कुटुंबे या बाजूला आली. दुकानाचे दोन गाळे झाले. दादा संघाचे विश्वस्त झाले. दर वर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होई तेव्हा पदवीधरांच्या हाती स्मृतिचिन्ह देणारे हात दादांचे असत. त्या वेळी त्यांच्या मनात काय चालत असेल, हे मला कधी सुचले नाही.

आपल्या परिचय मेळाव्यांच्या पुस्तिका एकदा जरा निराळ्या नजरेने चाळून पाहाव्यात. मुलांच्या रकान्यांत सी.ए., एम.बी.ए., इंजिनियर. त्याखाली वडिलांच्या रकान्यात शिक्षणाचा उल्लेख नसतो, फक्त ‘व्यवसाय : स्वतःचे दुकान’. आईच्या रकान्यात ‘गृहिणी’. ज्या पिढीने पदव्यांचा खर्च केला, तिच्यातील किती जणांचे शिक्षण बारावीनंतर कुठे आणि का थांबले याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

वयाच्या ४८ व्या वर्षी दादांनी अर्ज भरला. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, “एक खातं उघडं राहिलंय.” यापलीकडे त्यांनी आजपर्यंत काही सांगितलेले नाही.

अर्ज नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचा होता. ज्यांना ही व्यवस्था ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या घरांत अजूनही ‘बाहेरून परीक्षा’ म्हणजे काहीतरी दुय्यम, अशी समजूत आहे. नोकरी-धंदा सांभाळून शिकणाऱ्यांची सोय आपल्याकडे नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले तेव्हा नोकरदार मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले होते. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. त्याच विभागाचे दूरस्थ शिक्षणाचे केंद्र आज कलिन्याला आहे. पुढे हैदराबादला १९८२ मध्ये देशातील पहिले मुक्त विद्यापीठ झाले, १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आले आणि १९८९ मध्ये विधिमंडळाच्या कायद्याने नाशिकचे. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. गंगापूर धरणाच्या परिसरात असलेल्या या विद्यापीठाचे ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असे आहे. विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे जाण्याऐवजी पुस्तक विद्यार्थ्याच्या घरी यावे, ते मराठीत असावे आणि शिक्षक समोर नसतानाही समजावे अशा रीतीने लिहिलेले असावे, ही त्यामागची कल्पना. गावोगावच्या महाविद्यालयांतून अभ्यासकेंद्रे चालतात आणि संपर्कसत्रे बहुधा रविवारी किंवा सुटीच्या दिवशी होतात.

दादांच्या केंद्रावर पोलीस शिपाई होते, अंगणवाडी सेविका होत्या, रिक्षा चालविणारा एक तरुण होता, रुग्णालयात रात्रपाळी करून थेट वर्गात येणारी परिचारिका होती. तीस वर्षे दादा दुकानात गादीवर आणि संघात व्यासपीठावर बसत आले. बाकावर बसण्याची सवय मोडली होती. पहिल्या रविवारी घरी आल्यावर ते म्हणाले, “तिथं मला कोणी शेठ म्हणत नाही.” ही तक्रार नव्हती, त्यांना ते आवडले होते.

अभ्यास मात्र सोपा गेला नाही. सर्वांत जास्त त्रास कोणत्या विषयाने दिला असेल? लेखाकर्माने! ज्या माणसाने तीस वर्षे रोजमेळ आणि खतावणी स्वतः लिहिली, ज्याच्या जमा-नावेत कधी एका रुपयाचा फरक पडला नाही, तो पहिल्या वर्षी त्याच विषयात जेमतेम उत्तीर्ण झाला. दादा उत्तर मनातल्या मनात काढून शेवटचा आकडा लिहीत. परीक्षकाला प्रत्येक नोंद, तिचे स्पष्टीकरण, रकाने हवे असत. मी त्यांना शिकवू लागलो तेव्हा ध्यानात आले की त्यांची चूक कुठेच नाही, फक्त पायऱ्या गाळलेल्या आहेत. दुसरी अडचण हाताची. तीन तास सलग लिहिणे ही गोष्ट बिलबुकापलीकडे न लिहिणाऱ्या बोटांना झेपत नाही. दुपारी दोन ते चार बाजार थंड असतो. त्या वेळी दादा गादीवर बसून जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर उत्तरे लिहून काढीत. गिऱ्हाईक आले की कागद ताग्याखाली सरकवीत. लाज वाटे. चष्मा लावून दप्तर उघडलेला शेठ पाहून शेजारचे व्यापारी हसत आणि आम्ही घरचे, खरे सांगायचे तर, त्या हसण्यात सामील होतो.

आता माझ्या वाट्याची गोष्ट.

परीक्षा बहुधा उन्हाळ्यात येते, म्हणजे ऐन लग्नसराईत. कापडवाल्याला याहून वाईट वेळ नाही. गेल्या वर्षी एका पेपरच्या दिवशी सकाळीच आमच्या भाचीच्या लग्नाचा मायरा होता, पुण्याला. मामाशिवाय मायरा नाही हे खरे. पण भाचीला मामा दोन आहेत. मी पहाटे मायरा घेऊन निघालो असतो आणि दादा पेपर देऊन संध्याकाळच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचले असते, तर काहीच अडले नसते. दादांनी तसे सुचविलेही. मी म्हणालो, “थोरला मामा नसेल तर लोक काय म्हणतील? आणि पेपर काय, पुढच्या वेळी देता येईल. तुम्हाला कुठं नोकरी मिळवायची आहे?” दादा काही बोलले नाहीत. पुस्तक मिटून कपाटात ठेवले आणि मायऱ्याच्या साड्या मोजावयास बसले.

काही महिन्यांनी एका जुन्या येणेबाकीचा शोध घेताना मी ती रोजमेळाची वही उघडली. आत दोन प्रवेशपत्रे होती, एक १९९२ चे आणि एक गेल्या वर्षीचे.

तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात ज्ञानावरणीय कर्माच्या आस्रवाची कारणे सांगितली आहेत. पाठशाळेत ती आपण सर्वांनी घोकली : प्रदोष, निह्नव, मात्सर्य, अंतराय, आसादन, उपघात. ज्ञानाची गोष्ट निघताच मनात कटुता धरणे, जाणत असून लपविणे, देण्यासारखे असून न देणे, शिकणाऱ्याच्या मार्गात विघ्न आणणे, बोलण्याने किंवा कृतीने त्याला रोखणे, चांगल्या ज्ञानाला नावे ठेवणे. लहानपणी वाटे, ही पापे करणारे लोक फार दुष्ट असतील, ग्रंथ जाळणारे वगैरे असतील. अंतराय इतक्या साध्या शब्दांत, मायऱ्याच्या निमित्ताने, आणि तोही प्रेमाच्या माणसाकडून येतो, हे मला ५० च्या उंबरठ्यावर कळले.

कोणी म्हणेल, सूत्रकारांना अभिप्रेत ज्ञान ते सम्यग्ज्ञान, बी.कॉम.च्या पुस्तकाचा त्याच्याशी काय संबंध? आक्षेप बरोबर आहे. लौकिक विद्या म्हणजे श्रुतज्ञान नव्हे आणि पदवीच्या अभ्यासाला मी सामायिकाच्या पंगतीला बसवीत नाही. परंतु जो जीव पन्नाशीत ओळीवर बोट ठेवून न समजलेले पुन्हा वाचतो, शंका विचारतो, स्मरणात ठेवण्यासाठी पुन्हा पुन्हा घोकतो, तो वाचना, पृच्छना आणि आम्नाय यांचाच सराव करीत असतो. शाळेच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी जे प्रश्न असतात त्यांना मराठीत काय म्हणतात, आठवून पाहा : स्वाध्याय. सहा आभ्यंतर तपांतील शब्द सरळ उचलून पाठ्यपुस्तकात ठेवला आहे आणि आपण तो रोज वाचत असून कधी थबकलो नाही. बाह्य तप करणाऱ्याची साता विचारणाऱ्या आपण मंडळींनी निदान या नावाच्या ओळखीसाठी तरी दुसऱ्या खोलीत डोकवावे.

उतारवयातील अभ्यासाची थट्टा आपल्या परंपरेत नवी नाही आणि तिचे उत्तरही जुने आहे. प्रभाचंद्रसूरींच्या प्रभावकचरितात मुकुंद नावाच्या वृद्ध मुनींची कथा आहे. उतारवयात दीक्षा घेतलेली, पाठांतर होईना. म्हणून ते मोठ्याने घोकीत. रात्री घोकले तर हिंस्र प्राणी जागे होतील म्हणून गुरूंनी ते थांबविले. दिवसा घोकू लागले तर इतरांना त्रास. एका तरुण मुनीने टोमणा मारला की या वयात एवढे घोकून तुम्ही काय मुसळाला फुले आणणार आहात? वृद्ध मुनींना तो टोमणा लागला. त्यांनी भरूचच्या मंदिरात सरस्वतीची आराधना केली, विद्या मिळविली आणि कथा सांगते की भर चौकात मुसळ रोवून त्याला खरोखर फुले आणून दाखविली. हेच पुढे वृद्धवादी म्हणून प्रसिद्ध झाले आणि सिद्धसेन दिवाकरांसारखा प्रकांड पंडित त्यांचा शिष्य झाला. मुसळाच्या फुलांवर विश्वास ठेवावा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. मला त्या कथेतील गुरू महत्त्वाचे वाटतात. त्यांनी वेळ बदलावयास सांगितली, अभ्यास सोडावयास सांगितला नाही.

भरूच आणि आपले सोपारे ही एकाच किनाऱ्यावरची प्राचीन बंदरे. नालासोपाऱ्याला रोज गाडीत चढताना कोणाला आठवण होत नाही, पण वज्रसेन आचार्यांची कथा याच सोपाऱ्याची. दुष्काळात सापडलेल्या शेठ जिनदत्तांच्या घरी शेवटचे अन्न विष कालवून खाण्याची वेळ आली होती. ‘उद्या धान्य येईल’ असे आचार्य म्हणाले आणि धान्याची गलबते आली. त्यानंतर जिनदत्त, पत्नी ईश्वरी आणि चार पुत्र यांनी एकत्र दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर ही त्या पुत्रांची नावे मुनिपरंपरेच्या चार कुलांना मिळाली. व्यापाऱ्याचे अख्खे घर एका वेळी गुरूच्या पायाशी शिकावयास बसले, तेव्हा कोणी कोणाला ‘या वयात कशाला’ असे विचारले नसावे.

अलीकडचीही उदाहरणे आहेत. मगनबाईंना लहान वयात वैधव्य आले. तेव्हा वडील शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी त्यांना कोपऱ्यात बसविले नाही, घरीच संस्कृत आणि शास्त्र शिकविण्याची व्यवस्था केली. त्याच मगनबाईंनी पुढे श्राविकाश्रम उभारून कितीतरी निराधार भगिनींना शिकते केले. कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग हजारोंना दाखविला आणि १९५९ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डी.लिट. दिली. दोघांची नावे आपण अभिमानाने घेतो, संघाच्या भिंतीवर तसबिरीही लावतो.

भगिनींविषयी वेगळे लिहावे लागेल, इतका तो विषय मोठा आहे. तूर्त एवढेच की राजस्थानातील लाडनूँ येथील जैन विश्वभारती संस्थेला १९९१ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि तिच्या दूरस्थ अभ्यासक्रमांमुळे घराबाहेर न पडता अनेक श्राविका पदवीधर झाल्या. विद्याविहारच्या सोमय्या संकुलात जैन अध्ययनाचे अभ्यासक्रम चालतात. तिथवर विरारहून जायचे तर दादरला गाडी बदलावी लागते. ज्या भगिनी हे करतात त्यांच्या घरी सकाळचा स्वयंपाक कोण करते, हे मी हल्ली आवर्जून विचारतो. उत्तर बहुधा ‘त्याच करून निघतात’ असे असते.

एक सावधगिरीची सूचना. ‘एका वर्षात पदवी, परीक्षेची चिंता नाही’ असे सांगणारे दलाल बाजारात फिरतात आणि व्यापारी माणूस वेळ वाचतो म्हणून भुलतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर कोणत्या विद्यापीठाला कोणता अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने चालविण्याची मान्यता आहे याची यादी असते; पैसे भरण्यापूर्वी ती पाहावी. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते, त्यामुळे कमीपणा वाटून घेण्याचे कारण नाही. वैद्यकी, अभियांत्रिकी किंवा वकिली दूरस्थ पद्धतीने देतो असे कोणी म्हणाले तर तेथून उठावे. प्रवेश साधारणपणे जून-जुलैनंतर, म्हणजे चातुर्मासाच्या आसपास सुरू होतात. फी आपल्या एका दिवसाच्या दुकानखर्चापुढे फारशी वाटणार नाही. खर्च होतो तो वेळ आणि तो एकट्या विद्यार्थ्याच्या मालकीचा नसतो.

दोन सामायिकांएवढा, म्हणजे ९६ मिनिटांचा वेळ रोज मिळाला तरी पदवीचा अभ्यास होतो, हे दादांकडे पाहून मी सांगू शकतो. तो वेळ घराने राखून द्यावा लागतो. आमच्या घरात आता रात्री साडेआठ ते दहा दादांच्या खोलीत कोणी जात नाही. वहिनींनी टीव्ही दुसऱ्या खोलीत हलविला आहे. पुतण्या, जो स्वतः एम.बी.ए. करतो आहे, तो वडिलांना जुन्या प्रश्नपत्रिका छापून आणून देतो आणि उत्तरे तपासताना मुळीच दयामाया दाखवीत नाही. आमच्या आईला वाचनाचा चष्मा लागून वीस वर्षे झाली. ती दाराशी थांबून विचारते, “साता आहे ना रे?” पहिल्यांदा तिने हे विचारले तेव्हा दादा हसले. आता सरळ उत्तर देतात, “आज अर्थशास्त्र झालं, खर्चलेखा राहिलं.”

संघाच्या सभेत मी एक सूचना मांडली आहे की ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला पाठशाळेच्या मुलांबरोबर या मोठ्या विद्यार्थ्यांचीही विचारपूस व्हावी आणि सत्कार निकाल लागल्यावर नव्हे, तर प्रवेश घेतल्यावर करावा. सूचना अजून विचाराधीन आहे. विश्वस्त या नात्याने दादांनी तिला विरोध केला, कारण त्यांच्या मते आधी पेपर द्यावा.

तो राहिलेला पेपर या मे महिन्यात आहे. दिवस शनिवारचा, मुहूर्ताचा, म्हणजे बाजारात पाय ठेवावयास जागा नसणार. त्या दिवशी दुकानात मी बसणार आहे. कर सल्लागार असलो तरी कापडाचे भाव मला ठाऊक नाहीत; दादांनी आतापासूनच एकेका ताग्याला भावाची चिठ्ठी लावावयास सुरुवात केली आहे.